बागेत गांधीलमाश्यांचं पोळं झालंय? काढायच्या आधी हे वाचा

पुण्यात सहकारनगर, कोथरूड, औंध कुठेही जा, जिथे चार झाडं आणि एखादा लोखंडी झोपाळा आहे तिथे कधी ना कधी गांधीलमाश्या घर करतातच. कढीपत्त्याच्या फांदीला, बोगनवेलीच्या आत, खिडकीच्या छज्ज्याखाली, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, पाण्याच्या मीटरच्या झाकणाखाली. आणि मग घरात एकच गोंधळ, कोणी म्हणतं टेंभा लावा, कोणी म्हणतं रॉकेल टाका, कोणी लांबून दगड मारायला निघतं. माझं स्पष्ट मत आहे की या माश्या माणसाला चावतात त्या बहुतेक वेळा अशा घाईतच. म्हणून हे सगळं सावकाश लिहितोय, पहिल्यांदाच हा प्रकार समोर आलेल्यांसाठी. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर नक्की पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी, आहे ते नक्की काय आहे ते बघा. लांबूनच बघायचं, पाच-सहा मीटरवरून, मोबाईलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा आणि मग घरात बसून निवांत बघा. गांधीलमाशीची कंबर एकदम बारीक असते, अंगावर मधमाशीसारखी लव दिसत नाही, रंग पिवळा, तांबूस किंवा तपकिरी, आणि उडताना तिचे लांब पाय खाली लोंबकळत असतात, ही खूण लांबूनही कळते. तिचं पोळं राखाडी, खाकी, कागदासारखं. खरोखरच कागद असतो तो, जुन्या लाकडाचे, वाळलेल्या काड्यांचे तंतू खरवडून, चावून, लाळेत कालवून ती तो बनवते. एका बारीक देठावर टांगलेलं असतं आणि कप्प्यांची तोंडं खाली उघडी. आत मध नसतो, अंडी आणि अळ्या असतात.

मधमाशीचं पोळं मेणाचं, उभं टांगलेलं, आणि त्याच्यावर माश्यांचा थर असतो, कप्पे सहसा दिसतच नाहीत. फांदीवर तळहाताएवढं, बारक्या माश्यांचं असेल तर फुलोरी, झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत असेल तर बहुतेक सातेरी. आणि उंच झाडाला नाहीतर बिल्डिंगच्या सज्जाला भलंमोठं काळसर पोळं लटकलेलं असेल तर ते आग्या मोहोळ. यातलं कुठलंही असेल तर खाली जे लिहिलंय ते तुमच्यासाठी नाही, कृपा करून स्प्रे मारू नका. सातेरी तर पेटीत घालून दुसरीकडे नेता येते, मधमाश्या पाळणारे लोक पुण्यात आहेत, आणि केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आपल्या गणेशखिंड रोडवरच आहे, तिथे चौकशी करता येते. आग्या मोहोळाच्या माश्या मोसमाप्रमाणे जागा बदलतात, कोणी छेडलं नाही तर पोळं रिकामं करून आपापल्या निघून जातात. पण त्यांना धूर केला किंवा दगड मारला तर शेकड्यांनी अंगावर येतात आणि लांबपर्यंत पाठलाग करतात, तिथे घरच्या माणसाने हात घालायचाच नाही.

अजून एक प्रकार आहे ज्याला लोक विनाकारण घाबरतात, तो म्हणजे भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यात, कधी प्लगच्या भोकात केलेलं मातीचं घर. ती कुंभारीण माशी. एकटी राहते, घराचं रक्षण करत नाही, आणि त्या मातीच्या डबीत तिने पिल्लांसाठी कोळी किंवा अळ्या भरून ठेवलेल्या असतात. तिथे औषध वगैरे काही लागत नाही, नको असेल तर माशी नसताना पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढा, संपलं. नाहीतर राहू द्या.

बरं, गांधीलमाशीच आहे हे ठरलं. आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे, की ते काढायलाच हवं का?

कारण ही माशी बागेत आपलं काम करत असते. स्वतः ती मकरंद, गोड रस पिते पण पिल्लांना मांस लागतं, त्यासाठी ती दिवसभर झाडांवरच्या अळ्या शोधून, चावून, गोळा करून नेत असते. वांगी, टोमॅटो, कोबी लावणाऱ्यांना अळ्यांचा त्रास काय असतो ते माहितीये, लिंबाची कोवळी पानं एका रात्रीत कशी साफ होतात तेही. त्यासाठी आपण औषध फवारतो आणि जी फुकटात हे काम करते तिला मारतो. त्यामुळे पोळं कुंपणाच्या टोकाला, उंच फांदीवर, माणसांची ये-जा नसलेल्या कोपऱ्यात असेल तर ते तसंच ठेवा. तीन-चार मीटरवरून आपण शांतपणे गेलो-आलो तर त्या सहसा लक्षही देत नाहीत. मुलांना ती जागा दाखवून ठेवा, माळीकाकांना सांगा, फांदीला लांबवर एक लाल फडकं बांधा म्हणजे छाटणी करताना चुकून कात्री लागणार नाही.

काढायचं कधी? दारावर, गेटवर, जिन्यात, नळापाशी, कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ, झोपाळ्याला, मुलांच्या खेळायच्या जागेत असेल तेव्हा. रोज पाणी घालताना जिथे हात जातो अशा कुंडीच्या मागे असेल तेव्हा. आणि घरात कोणाला पूर्वी माशी चावून अंगभर पित्त उठलं असेल किंवा श्वास लागला असेल तर मग बागेतलं कुठलंही पोळं काढून घ्यायचं, यात विचार करत बसायचं नाही.

थंडी पडली की आपोआप मरतील असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. थंड देशांत तसं होतं, तिथे हिवाळ्यात पोळं संपतं आणि फक्त पुढच्या वर्षीच्या राण्या कुठेतरी लपून जगतात. आपल्याकडे तसं नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी आपल्या दक्षिण भारतातल्या गांधीलमाशीच्या एका जातीचा कित्येक दशकं अभ्यास केलाय, त्या माश्या वर्षातल्या कुठल्याही महिन्यात नवीन पोळं सुरू करतात आणि जुनं चालूही ठेवतात. पुण्याची थंडी त्यांना संपवण्याइतकी नसतेच.

आता स्वतः करायचं की माणूस बोलवायचा. स्वतः फक्त एवढंच करा: पोळं उघडं दिसतंय, तळहाताएवढं किंवा त्याहून लहान आहे, जमिनीवर उभं राहून पोचता येतंय, आणि तुम्हाला माशीच्या विषाची ॲलर्जी नाही. यातलं एक जरी नसेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. शिडीवर किंवा घोड्यावर चढून हे काम करायचं नाही म्हणजे नाही. माशी चावून होतं त्यापेक्षा दचकून शिडीवरून पडून जास्त लागतं.

जमिनीतल्या बिळातून, भिंतीच्या भेगेतून, जुन्या चौथऱ्याखालून मोठाल्या तांबूस माश्या येत-जात असतील, पोटावर ठळक पिवळा पट्टा, तर ती मोठी जात. रसवंतीगृहात, मिठाईच्या दुकानात घोंघावते तीच. किंवा झाडावर फुटबॉलसारखं चारी बाजूंनी बंद कागदी पोळं आणि त्याला एकच भोक, तेही मोठ्या जातीचंच. यांची संख्या जास्त, विष जास्त, आणि पोळं आत किती पसरलंय ते बाहेरून कळत नाही. इथे माणूसच बोलवा. भोकात रॉकेल-पेट्रोल ओतू नका, आग लागते आणि माती खराब होते ती वेगळीच. आणि भोक सिमेंटने बुजवू तर अजिबात नका, भिंतीतलं असेल तर त्या दुसरी वाट काढतात आणि ती वाट कधी कधी तुमच्या हॉलमध्ये निघते. पेस्ट कंट्रोलवाल्याकडे लायसन्स आहे का ते विचारा, कुठलं औषध वापरणार ते विचारा, आणि फोनवरच फोटो पाठवा म्हणजे तो तयारीने येईल. ‘जाळून टाकतो ना साहेब’ म्हणणारा आला तर त्याला परत पाठवा.

अगदी नवीन पोळं, म्हणजे रुपयाएवढं, चार-सहा कप्पे आणि एक-दोन माश्या, हे सगळ्यात सोपं. याला औषध लागत नाही. दिवसा लांबून लक्ष ठेवायचं, माशी उडून गेली की जाळं काढायच्या लांब दांड्याच्या झाडूने पोळं पाडायचं आणि बाजूला व्हायचं. ती परत येईल, शोधेल, त्याच जागी पुन्हा सुरू करेल, तुम्ही पुन्हा पाडा. काही वेळा असं झालं की ती जागा सोडते. एक लक्षात ठेवा, नुसतं पोळं पाडून चालत नाही, वर राहिलेला देठही खरवडायला हवा. माशी त्या देठाला मुंग्या चढू नयेत म्हणून अंगातला एक द्रव चोळून ठेवते, म्हणजे त्या जागेवर तिची मेहनत झालेली असते. खरवडा, साबणाच्या पाण्याने पुसा, वर थोडं व्हॅसलीन फासा.

त्याहून मोठं, दहा-वीस माश्या बसलेलं असेल तर संध्याकाळी करायचं, आणि तयारीने.

वेळ महत्त्वाची. दिवसा निम्म्या माश्या बाहेर असतात, तुम्ही पोळ्याला हात लावला की बाहेरच्या परत येऊन तुमच्यामागे लागतात. अंधार पडला की बहुतेक सगळ्या घरी, गारव्याने सुस्त, आणि अंधारात त्यांना नीट उडता येत नाही. पुण्यात मे महिन्यात सात-सव्वासातला सूर्य मावळतो, डिसेंबरात सहालाच, त्यानंतर साधारण पाऊण तास थांबा. पहाटे उजाडायच्या आधीही चालतं, उलट हिवाळ्यात पहाट जास्त चांगली. पाऊस पडत असेल, वारा असेल तर पुढे ढकला.

कपड्यांचं म्हणाल तर वेगळा सूट विकत आणायची गरज नाही, पुण्याच्या घरात सगळं असतंच. फिकट रंगाचा जाड फुल शर्ट, त्यावर रेनकोटचं जाकीट, कारण गुळगुळीत कापडावर माशीला पाय रोवता येत नाहीत. जीन्स, ती मोज्यात खोचलेली, आणि बूट. चप्पल नको. फुल फेस हेल्मेट काच खाली करून, आणि गळ्याभोवती टू-व्हीलरवर बांधतो तो स्कार्फ दोन वेढे घेऊन, हेल्मेटच्या खालची फट पूर्ण बंद झाली पाहिजे. हेल्मेटच्या आत माशी शिरणं हा सगळ्यात वाईट प्रकार, त्यामुळे इथे आळस करू नका, घरातल्या कोणाला तरी चारी बाजूंनी बघायला सांगा. हातात बागकामाचे किंवा भांडी घासायचे जाड रबरी हातमोजे, बाही त्याच्या आत. त्या दिवशी सेंट, सुगंधी तेल, गजरा काही नको.

आता जागेची तयारी, ही दिवसाउजेडी करून ठेवा:

पळायची वाट ठरवा. पोळ्यापासून दारापर्यंत सरळ जाता आलं पाहिजे, मधे होज पाईप, कुंड्या, मुलांची सायकल काही नको, आणि एकदा हेल्मेट घालून चालून बघा कारण काचेतून खालचं कमी दिसतं. दार उघडायला आत एक माणूस उभा पाहिजे.

शेजाऱ्यांना सांगा. भिंतीपलीकडे काकू संध्याकाळी अंगणात बसत असतील, त्यांना न सांगता पोळं हलवणं बरोबर नाही. त्यांच्या खिडक्या, तुमच्या खिडक्या बंद, मुलं आणि कुत्रा-मांजर आत.

बागेतले, पोर्चमधले दिवे बंद ठेवा आणि जमलं तर जरा लांबवर, तुमच्या पळायच्या वाटेच्या विरुद्ध बाजूला एखादा पांढरा दिवा चालू ठेवा, उडालेल्या माश्या प्रकाशाकडे जातात. म्हणूनच टॉर्च कपाळाला किंवा हातात नको. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर दोन घड्या करून रबरबँडने लावा आणि तो कुंडीवर वगैरे बाजूला ठेवून द्या, लाल उजेड या माश्यांना जवळजवळ दिसत नाही.

आणि हे फार महत्त्वाचं, दिवेलागणीची वेळ असते, तुळशीपुढे दिवा असतो, उदबत्ती असते. स्प्रेच्या डब्यातला गॅस पेट घेतो. आधी सगळं विझवा, सिगरेट नको, गॅसच्या गीझरचा बर्नर त्याच भिंतीला बाहेर असेल तर तोही बंद.

मारायचं कशाने? दोन पर्याय मला पटतात. पहिला साबणाचं पाणी, बागेत हाच बरा. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांडी घासायचं लिक्विड, हळू ढवळा, फेस कमी होऊ द्या, आणि झाडांवर फवारायचा दोन लिटरचा प्रेशर पंप असतो त्यात भरा. नोझल फिरवून बारीक धार करा, पसरट फवारा नको. नुसत्या पाण्याने माशी भिजत नाही, तिच्या अंगावर मेणासारखा थर असतो, साबणाने तो सुटतो आणि पाणी तिच्या श्वासाच्या बारीक भोकांत शिरतं, थोड्या वेळात ती खाली पडते. विष नाही, त्यामुळे शेजारच्या कढीपत्त्याला, पुदिन्याला धक्का नाही, नंतर झाडावर साधं पाणी मारलं की झालं. पंप आधी रिकाम्या भिंतीवर मारून बघा, धार अडीच-तीन मीटर जाते का, नसेल जात तर पंप भरून जास्त दाब द्या.

दुसरा पर्याय बाजारातला उडणाऱ्या किड्यांचा स्प्रे, काळा हिट वगैरे. काम पटकन करतो पण त्याचा फवारा धुक्यासारखा असतो, लांब जात नाही, म्हणजे तुम्हाला पोळ्याच्या जवळ जावं लागतं. ग्रिलमध्ये, छज्ज्याखाली, जिथे खाली खायची झाडं नाहीत तिथे ठीक. शेजारी माशांचं टाकं किंवा कमळाची कुंडी असेल तर नको, असली औषधं माशांना फार घातक असतात. मांजर असेल तर ती जागा वाळेपर्यंत आणि धुवेपर्यंत तिला सोडू नका. डब्यावर लिहिलंय तेवढंच, आणि दोन औषधं एकत्र करायची नाहीत.

रॉकेलचा बोळा, टेंभा, फटाका, पाण्याचा जोरदार पाईप, काठी, यातलं काहीच नको. आगीने सुक्या बोगनवेलीने पेट घेतला तर गांधीलमाश्या राहतील बाजूला. आणि नुसत्या पाण्याच्या माराने पोळं पडतं पण माश्या जिवंत राहतात आणि चिडतात.

प्रत्यक्ष काम खरं तर दोन मिनिटांचं आहे. वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा तुमच्या पाठीमागून पोळ्याकडे जाईल असं उभं राहा, पोळ्याच्या बरोबर खाली उभं राहू नका, जरा तिरकं. साबणाची धार पहिल्यांदा माश्या जिथे दाटीने बसल्यात तिथे आणि देठाजवळ, मग खालून कप्प्यांच्या तोंडात. धार सोडल्यावर थांबायचं नाही, सलग १५-२० सेकंद, पोळं पूर्ण निथळेपर्यंत. मग मागे व्हा, शांतपणे चालत दारात या. धावू नका, हात हलवू नका. एखादी माशी अंगावर बसली तर चापट मारू नका, कारण मोठ्या जातींमध्ये चिरडलेल्या माशीच्या विषातून जो वास सुटतो तो बाकीच्यांना धोक्याची सूचना असतो. दोन-चार जणी खरंच मागे लागल्या तर मात्र थांबू नका, सरळ घरात जा आणि दार लावा. टाकीत, हौदात उडी वगैरे मारायची नाही.

घरात आल्यावर लगेच हेल्मेट काढू नका. दुसऱ्या माणसाने पाठ, मानेच्या घड्या, रेनकोटच्या टोपीत बघायचं, मग एकेक काढायचं.

त्या रात्री परत बघायला जाऊ नका. सकाळी ऊन आल्यावर लांबून बघा. पोळ्यावर हालचाल नसेल तर संध्याकाळी तेच कपडे घालून लांब काठीने पोळं बादलीत पाडा, बादलीत आधीच साबणाचं पाणी, आणि रात्रभर बुडवून ठेवा, कारण कप्प्यांत झाकण लावलेले कोष असतात आणि त्यातून नंतर माश्या बाहेर येऊ शकतात. हालचाल असेल तर त्या संध्याकाळी पुन्हा फवारा. ज्या माश्या रात्री बाहेर राहिल्या होत्या त्या एक-दोन दिवस त्या जागी घिरट्या घालतात, घाबरू नका, घर नाही म्हटल्यावर निघून जातात. देठ खरवडायचा, साबणाने धुवायचं, लोखंड किंवा लाकूड असेल तर वाळल्यावर ऑइल पेंटचा एक हात मारायचा, खरखरीत सुकं लाकूड त्यांना कागद बनवायलाही आवडतं.

बादलीतलं पोळं फक्त साबणाचं असेल तर कंपोस्टमध्ये टाकलं तरी चालतं. औषध मारलेलं असेल तर कंपोस्टमध्ये नको, पिशवीत घट्ट बांधून द्या आणि कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना तोंडी सांगा आत काय आहे ते. त्या हाताने कचरा वेगळा करतात, मेलेल्या माशीची नांगीसुद्धा टोचते.

आता चावलीच तर. मधमाशी आपली नांगी कातडीत सोडून जाते, गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असते, ती सोडत नाही आणि तीच माशी परत परत चावू शकते, म्हणून पहिलं काम तिथून लांब जाणं. मग साबणाने धुवा, बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, काढा, पुन्हा ठेवा. बोटाला चावली असेल तर अंगठी लगेच काढा, सूज चढल्यावर निघत नाही. हात उंच ठेवा. खाज असेल तर मोठ्या माणसाने सेट्रिझिनची गोळी, दुखत असेल तर पॅरासिटामॉल, मुलांना आणि गरोदर बायकांना डॉक्टरांना विचारून. आपल्याकडे लगेच लोखंड घासतात, चुना लावतात. लोखंडाने गार वाटतं तेवढंच, त्याने विष उतरत नाही. आणि चुन्याने कातडी भाजते, लहान मुलांना तर लावूच नका. जागा लाल होऊन दोन-तीन दिवस सुजलेली राहणं, दुसऱ्या दिवशी सूज वाढणं हे बऱ्याच जणांना होतं.

पण पुढचं काही दिसलं तर वाट बघत बसायचं नाही: चावलं एका जागी आणि पित्त अंगभर उठलं, ओठ-डोळे-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, घशात आवळल्यासारखं झालं, छातीत घरघर, उलट्या, चक्कर. हे काही मिनिटांत होऊ शकतं, कधी तासाभरात. १०८ ला फोन करा किंवा गाडीतून थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, गल्लीतल्या बंद दवाखान्यांचे उंबरे झिजवू नका. याच्यावर खरं औषध म्हणजे अॅड्रेनलिनचं इंजेक्शन, गोळीने हे थांबत नाही. माणसाला आडवं झोपवून पाय वर करा, श्वास लागत असेल तर बसवून ठेवा, पण उभं करून चालवू नका. तोंडात किंवा घशात चावलं असेल, लहान मुलाला बऱ्याच ठिकाणी चावलं असेल, किंवा मोठ्या माणसालाही दहा-वीस दंश झाले असतील तर ॲलर्जी नसली तरी हॉस्पिटल. जास्त विषाने स्नायूंना आणि किडनीला इजा होऊ शकते आणि ते लगेच दिसत नाही, एखाद-दोन दिवसांनी लघवी गडद किंवा कमी व्हायला लागते, तोवर उशीर झालेला असतो.

पुन्हा होऊ नये म्हणून काय? आठवड्यातून एकदा, पाणी घालताना, मान वर करून छज्जे, ग्रिल, झोपाळ्याची छत्री, पंप रूमचा कोपरा बघत जा, रुपयाएवढं असतानाच सापडलं तर वरचं सगळं वाचतं. पाडाचे पेरू, चिकू, आंबे खाली सडत ठेवू नका, ओल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण ठेवा. गळका नळ दुरुस्त करा, उन्हाळ्यात त्या पाण्यासाठी तिथे येतात. बोगनवेल, मधुमालती आतून विरळ करा, पण छाटायच्या आधी लांब काठीने वेल हलवून दोन मिनिटं थांबा आणि बघा कोणी बाहेर येतंय का. नकली कागदी पोळं टांगलं की येत नाहीत असं सांगून ते विकतात, त्यावर पैसे घालवू नका.

आणि पोकळ पाईप. गेटचे, झोपाळ्याचे, कपड्यांच्या स्टँडचे, मुलांच्या घसरगुंडीचे उघडे राहिलेले पाईप त्यांना फार आवडतात आणि मुलं नेमकी तिथेच हात घालतात. हार्डवेअरच्या दुकानात रबरी बूच मिळतात, नाहीतर एम-सील लावा. बूच बसवायच्या आधी पाईपच्या तोंडाकडे अर्धा तास लांबून लक्ष ठेवा, आत कोणी जात-येत असेल तर ते दिवसा बंद करू नका, आधी रात्री साबणाचं पाणी आत सोडा, दोन दिवस बघा, आणि मग बूच बसवा.